दोन चाकं की तीन? आधी सांगा, थांबल्यावर काय करणार

प्रश्न : दादा, माझा लहान भाऊ ३१ वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी विहिरीतली मोटर काढताना पडला आणि मणक्याला मार लागला, डॉक्टर डी-१२ म्हणतात, म्हणजे पाठीचा बारावा मणका. कमरेखाली काहीच हालत नाही, पण हात दणकट आहेत, पलंगावरून खुर्चीत स्वतःच जातो. आता मोबाईलवर त्याने हाताने पॅडल मारायच्या दोनचाकी सायकलचा व्हिडिओ पाहिलाय आणि हट्ट धरलाय, "माले तीच पाहिजे, तीन चाकनी म्हाताऱ्यांनी ऱ्हास" (तीन चाकांची म्हाताऱ्यांची असते). आमचं गाव चोपड्यापासून ६ किलोमीटर, रस्ता केळीच्या ट्रकांचा. आईला तर ऐकूनच धडकी भरते. गावातला वेल्डर म्हणतो मी बनवून देतो. काय करावं? – एक बहीण, चोपडा तालुका

उत्तर : ताई, भावाचा हट्ट मला चांगलाच कळतो, कारण तोच हट्ट मी पण केला होता आणि माझा पुरा झाला. पण त्याच्यात आणि माझ्यात एक फरक आहे तो आधी सांगतो. मला पोलिओ, उजवा पाय नावालाच, पण डावा बऱ्यापैकी चालतो, त्यामुळे दोनचाकीवर कुठे थांबलो की मी डावा पाय टेकवतो. बस, एवढाच फरक, पण सगळा खेळ त्यावरच आहे.

दोनचाकी चालताना पडत नाही हो, थांबताना पडते. आणि चोपड्याच्या रस्त्यावर ६ किलोमीटरमध्ये किती वेळा थांबावं लागतं ते तुम्हीच मोजा, गाय आडवी, ट्रॅक्टर वळतोय, स्पीडब्रेकर, स्टँडजवळची गर्दी, आणि वर कोणीतरी ओळखीचा "कुठे चालला भो?" म्हणून हात दाखवणार. प्रत्येक वेळी तुमचा भाऊ काय टेकवणार?

त्याला तो व्हिडिओ परत दाखवा आणि सुरुवात कशी झाली आणि शेवट कसा झाला तेवढंच बघायला सांगा. बहुतेक व्हिडिओत नेमकं तेच कापलेलं असतं. एक तर कोणीतरी मागून धरून ढकलतं, नाही तर बाजूला दोन बारकी चाकं असतात जी थांबताना स्टँडसारखी खाली येतात. म्हणजे थांबताना ती पण चारचाकीच झाली ना.

आता त्यामागचं कारण. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला आपण हँडल किंचित वळवतो आणि ती सावरते, वेग कमी तेवढं हँडल जास्त वळवावं लागतं. पायाच्या सायकलला हात त्यासाठी मोकळे असतात. हाताच्या सायकलला पॅडल आणि हँडल एकच, म्हणजे ज्या हातांनी जोर लावायचा त्यांनीच बारीक बारीक सावरायचं, आणि जोर थोडा कमीजास्त झाला की हँडल तिकडे ओढलं जातं. म्हणून चांगल्या हातसायकलला दोन्ही पॅडल एकाच बाजूला असतात, पायाच्या सायकलसारखी उलटसुलट नसतात. दोन्ही हात एकदम पुढे, एकदम मागे, मग ओढ सारखी राहते. मला हे जमायला एक अख्खा पावसाळा गेला आणि दोन्ही कोपरं सोलली ती वेगळी.

पण म्हणून तीनचाकी म्हणजे डोळे झाकून सुरक्षित, असं आईला सांगू नका. धुळ्यात माझ्याकडे आधी शिबिरात मिळालेली उंच सीटची तीनचाकी होती, एका हाताने पॅडल, दुसऱ्याने हँडल. देवपूरकडून पांझरेच्या पुलावरून येताना उतार मिळाला, मला आनंद झाला, आणि पूल संपल्यावर वळतानाच ब्रेक दाबला. पुढचं चाक आणि बाहेरचं मागचं चाक एवढ्यावरच गाडी उभी राहिली, आतलं चाक हवेत, आणि मी रसवंतीवाल्याच्या समोर आडवा. त्याने आधी मला उचललं, मग गाडी, मग फुकट रस पाजला. रिक्षा वळणावर कशी एक चाक उचलते बघा, तसंच. पुढे एकच चाक असलं की ब्रेक मारल्यावर सगळा भार त्या एका चाकावर येतो, आणि तेव्हाच वळलात तर गाडी पुढच्या कोपऱ्यावर कोसळते. त्यामुळे तीनचाकीचा नियम एकच, ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. आणि सीट जेवढी खाली, मागची चाकं जेवढी लांब लांब, तेवढं बरं.

बरं, "म्हाताऱ्यांची" हे त्याच्या डोक्यातून काढा. हातसायकलच्या शर्यती पॅरालिम्पिकमध्ये २००४ ला अथेन्सपासून सुरू झाल्या आणि तिथे सगळ्या तीनचाकीच असतात, जमिनीला टेकल्यासारख्या, खेळाडू जवळजवळ आडवे झोपून हात मारतात, नाही तर गुडघ्यावर बसून. अपंगत्व किती त्यानुसार एच-१ ते एच-५ असे गट असतात. आणि जुनं बघायचं तर १६५५ च्या सुमारास जर्मनीत न्यूरेंबर्गजवळच्या श्टेफान फार्फलर नावाच्या घड्याळजीने, ज्याचे स्वतःचे पाय चालत नव्हते, हाताने फिरवायची गाडी केली ती पण तीनच चाकांची. पायाची सायकल यायला त्यानंतर दीडशे वर्षांच्या वर गेली. म्हणजे म्हातारी कोण आणि तरणी कोण ते त्यालाच ठरवू द्या.

माझं स्पष्ट मत, त्याला शर्यतीची झोपायची तीनचाकी पण नको आणि दोनचाकी पण नको. पहिली एवढी खाली असते की केळीच्या ट्रकवाल्याला ती दिसणारच नाही, कितीही झेंडा लावा, आणि बाहेरून मागवायची म्हणजे किंमत लाखांत. त्याला व्हीलचेअरला पुढून अडकवायचा हातपॅडलचा जोड बघा. पुढे एक चाक, त्यावर पॅडल, गिअर, ब्रेक, तो खुर्चीला लॉक केला की खुर्चीची पुढची बारकी चाकं जमिनीवरून उचलली जातात आणि खुर्चीचीच तीनचाकी होते. चोपड्यात पोहोचला, जोड काढला, खुर्ची घेऊन दुकानात शिरला. डी-१२ असल्याने पोटाचे स्नायू बहुतेक काम करतात, म्हणजे वळताना अंग सावरेल, त्याचं काम सोपं आहे. (असाच बॅटरीचा जोड निओबोल्ट नावाने मिळतो, मद्रास आयआयटीतून निघालेल्या कंपनीचा, पण त्याला हातच चालवायचे आहेत ना.)

त्यात खोट एकच, आणि ती आपल्याकडे पावसाळ्यात कळते. जोर पुढच्या चाकाला आणि माणसाचं वजन मागे, त्यामुळे चढावर किंवा चिखलात पुढचं चाक जागच्या जागी फिरतं. काळ्या मातीत तर विचारूच नका, चाकाला माती लपेटते आणि गाडी तिथेच बैलासारखी बसते. शेताच्या रस्त्याला घेऊन जाऊ नको म्हणा, डांबरावरच.

वेल्डरला नाराज करू नका, त्याला पायाचा फळका, पट्टे, पाण्याची बाटली ठेवायची जागा करू द्या. पुढचा फोर्क (चाक धरणारा दांडा) मात्र त्याच्याकडून नको, फोर्कचा कल बोटभर चुकला तरी हँडल हातात थरथरतं, आणि तिथलं वेल्डिंग उतारावर सुटलं तर मग बोलायलाच नको. पॅडल खांद्याच्या जरा खाली यावं, आणि हात पूर्ण पुढे गेल्यावरही कोपर थोडं वाकलेलं राहावं, हे दुकानात बसवून बघाच.

आणि मे महिन्याचं आत्ताच सांगतो. आपल्याकडे ४५ अंशाला गाडीचा पत्रा तापतो, त्याला पाय लागला तर त्याला कळणार नाही, संध्याकाळी फोड दिसेल. पायाखाली पत्रा नको, रबर किंवा जाड कापड. दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून दोन्ही हातांवर अंग उचलायचं, नाही तर बसून जखम होते आणि ती महिनोन्महिने जात नाही. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळीच निघायचं.

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, शिबिरातली एका हाताची तीनचाकी १२ वर्षं चालवतात, आता उजवा खांदा खूप दुखतो. दोनचाकी हलकी असते म्हणे, ती घ्यावी का? – शिरपूर

उत्तर : नको, खांदा चाकांमुळे नाही, सगळा भार एकाच हातावर असल्यामुळे दुखतोय. आधी खांदा डॉक्टरला दाखवा. मग टायरमध्ये हवा आणि चेनला तेल बघा, हसू नका, बारा वर्षांच्या गाड्यांपैकी निम्म्या मी हवेवरच हलक्या केल्यात. नवीन घ्यायची तर दोन्ही हातांनी एकदम फिरवायची तीनचाकी घ्या, गिअरसकट. तीनचाकी सरकारी योजनेतून घेणार असाल तर ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो, यूडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) काढलेलं नसेल तर तेच काम आधी करा.

प्रश्न : बहिणीसाठी तीनचाकी घेतोय, दुकानदार म्हणतो कोणत्याही दारातून जाते. खरं का? – नंदुरबार

उत्तर : त्याच्या दुकानाच्या शटरमधून जाते. घरी टेप घेऊन दाराची चौकट आतून आतून मोजा, उंबरा किती उंच तेही लिहा, मग दुकानात जाऊन मागच्या चाकांच्या बाहेरच्या टोकापासून टोकापर्यंत माप घ्या, दोन्ही बाजूला चार बोटं जागा उरली पाहिजे, नाही तर बोटं सोलतात. आणि ओट्याच्या पायऱ्यांना उतार करायला गवंडी आजच सांगून ठेवा, कारण गाडी येईल आणि पायऱ्यांपाशीच उभी राहील.