पणजीत दोन दिवस, सोबत शाकाहारी सासूबाई. खायचं कुठे?

पुण्याहून चौघं येताय, तिघं मासेखाऊ, सासूबाई पक्क्या शाकाहारी, आणि ‘एकच चांगलं हॉटेल सांगा’ असं म्हणताय. एक हॉटेल नाही सांगता येणार, कारण पणजीत खाणं घड्याळावर चालतं. सकाळचं दुपारी मिळत नाही, दुपारचं रात्री नसतं. वेळ सांभाळलीत तर हॉटेल थोडं इकडचं तिकडे झालं तरी बिघडत नाही.

लॉजवरचा फुकटचा ब्रेकफास्ट सोडा आणि नऊच्या आत कॅफे टाटो नाहीतर कॅफे भोसले गाठा. गर्दीच्या वेळी तुमच्याच टेबलावर कोणी अनोळखी येऊन बसेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. नुसतं ‘भाजी’ म्हणालात की वेटर विचारणार, कुठली? पातळ भाजी म्हणजे खोबऱ्याच्या वाटपातली वाटाण्याची, सुकी म्हणजे बटाट्याची. मिक्स सांगितलंत की सुकीवर पातळ ओतून आणतो, आणि माझ्या मते मागायची ती हीच. पुरीबरोबर खा किंवा पावाबरोबर, मध्ये एक मिरची भजी तोंडी लावा, शेवटी बन (केळं घालून तळलेला, पुरीसारखा) आणि चहा. सासूबाईंसाठी याहून चांगलं काही पणजीत नाही, त्यामुळे दोन्ही सकाळी इथेच या.

दुपारी साडेबाराला नुस्त्याची, म्हणजे माशांची थाळी. १८ जून रस्त्यावरचं रिट्झ क्लासिक सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच एक वाजला की रांग लागते. ३१ जानेवारी रस्त्यावरचं आनंदाश्रम लहान आणि साधं. मला विचाराल तर तिकडे जा. उकड्या तांदळाचा भात मागून घ्या, हुमण, म्हणजे खोबऱ्याच्या वाटपातली माशांची आमटी, त्याच्यावरच शोभतं. बांगड्याचं असेल तर त्यात तिरफळ असतं. वास घ्या, पण चावू नका, जीभ बधिर होते. ताटातल्या कोपऱ्यात सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर असते. पाहुणे ती चटणी समजून बाजूला सारतात. ती भातात कालवून खायची असते. तळलेला तुकडा इसवणाचाच हवा असा हट्ट धरू नका (तुमच्याकडची सुरमई ती हीच). लेपो किंवा मुडदुशे हे मासे ताजे असतील तर तेच घ्या, स्वस्तही पडतात. सासूबाईंसाठी ‘शिवराक (शाकाहारी) थाळी’ विचारा. त्यात खतखतें, म्हणजे बऱ्याच भाज्यांची एकत्र भाजी, मिळालं तर नशीब समजा, रोज नसतं. तीनच्या आसपास स्वयंपाकघर आवरतं आणि गाव झोपतं, तेव्हा अडीचला पोचून ‘थाळी संपली’ म्हणून रागावू नका.

तुम्ही महिना लिहिला नाहीत. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात. त्या दिवसांत सुरमई-पापलेट बहुतेक बाहेरून बर्फात आलेलं, त्यामुळे तिसऱ्या (शिंपल्या), नदीतले मासे आणि सुकं नुस्तं यांच्यावर भर द्या. पाऊस जोरात असेल आणि बाजारात आळमी (रानातली अळंबी) दिसली तर भाव ऐकून दचकाल, पण कुठल्या हॉटेलात त्याचं तोंडाक (खोबऱ्याच्या वाटपातली रस्साभाजी) असेल तर सासूबाईंना नक्की खायला घाला.

संध्याकाळी काळोख पडला की रोस ऑम्लेटचे गाडे लागतात. दोन अंड्यांच्या ऑम्लेटवर कोंबडीच्या शाकुतीचा (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याच्या रश्श्याचा) रस, वरून चिरलेला कांदा, लिंबू पिळून, पावाबरोबर. उभ्याने खायचं. ज्या गाड्यापुढे स्कूटर जास्त लागलेल्या असतील तो गाडा निवडा. पोट मात्र अर्धंच भरा, कारण रात्री फोंतेन्याश या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीच्या गल्लीबोळात फिरून ‘विवा पंजिम’ हॉटेलात जेवायचंय. तिथे ख्रिस्ती घरांतली चव: काफ्रियाल (हिरव्या मसाल्यातली कोंबडी), आंबोट तीक (माशांचं आंबट-तिखट कालवण), आणि गोडाला बेबिंका. बेबिंकाचा एकेक थर वरून आच देऊन भाजतात, तेव्हा कुठे दुसरा ओततात, म्हणून घाईने केलेली लगेच कळते. अंडं असतं त्यात, सासूबाईंना आधीच सांगा.

किनाऱ्यावरच्या ज्या शॅकच्या मेनूवर पिझ्झापासून पनीर बटर मसाल्यापर्यंत सगळं आहे तिथे बिअर प्या, जेवू नका.

मुक्कामात रविवार येत असेल तर निघण्याआधी फोन करा, जुन्या हॉटेलांपैकी बरीचशी त्या दिवशी बंद असतात.