भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घेऊ पाहणाऱ्या भाचीस

प्रिय भाचीस,

अनेक आशीर्वाद.

पुण्यात भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घ्यायचा विचार तू कळवलास आणि सोबत वाकड, बाणेर, खराडी येथील प्रकल्पांची माहितीपत्रकेही पाठवलीस. ती मी वाचली. त्यांत क्लबहाऊस आहे, जलतरण तलाव आहे, भाडेकरू मात्र कुठेच नाही. राहायचे घर आपण आपल्या आवडीने शोधतो. भाड्याचे घर शोधताना आधी भाडेकरू कोण, तो कामाला कुठे जातो आणि दरमहा किती देऊ शकतो हे ठरवावे, आणि त्यावरून आपल्याला किती किंमत परवडेल ते काढावे. हिंजवडीच्या आयटी पार्कवरच सारी भिस्त असलेल्या इमारतींतले किती फ्लॅट २०२० मध्ये रिकामे झाले, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून कंपन्यांखेरीज एखादे महाविद्यालय किंवा मोठे रुग्णालयही जवळ असेल, तर अशा जागेला मी अधिक पसंती देईन.

भाड्याचा आकडा एजंटच्या तोंडून घेऊ नकोस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार, नोंदवणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. त्यामुळे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्या इमारतीतील व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे सारांश, पाहता येतात. विक्रीची खरी किंमत आणि नोंदलेले भाडे दोन्ही तिथेच सापडतात. त्यानंतर एखाद्या कामाच्या दिवशी रात्री आठच्या सुमारास इमारतीखाली जाऊन किती खिडक्या अंधाऱ्या आहेत ते पाहा आणि पाण्याचे टँकर रोज किती येतात ते वॉचमनला विचार. टँकरचा खर्च शेवटी मेंटेनन्समध्येच येतो. (वॉचमन सहसा खरे सांगतो, कारण त्याला कमिशन मिळायचे नसते.)

आता हिशेब. समजा, फ्लॅट ८० लाखांचा आहे आणि भाडे २५,००० रुपये आहे. एजंट वर्षाचे तीन लाख भागिले ८० लाख करून पावणेचार टक्के परतावा सांगेल. परंतु पुणे शहरात मुद्रांक शुल्क सात टक्के आहे. दस्त केवळ तुझ्या नावाने केलास तर स्त्री म्हणून एक टक्का सवलत मिळून ते ४ लाख ८० हजार होईल आणि नोंदणी फीचे ३०,००० रुपये वेगळे. वर्षातून एक महिना घर रिकामे राहील, एका महिन्याचे भाडे एजंट घेईल, मेंटेनन्स ४८,००० आणि मालमत्ता कर २०,००० धरला, तर हातात १ लाख ८२ हजार उरतात, म्हणजे एकूण ८५ लाख १० हजारांच्या खर्चावर सव्वादोन टक्क्यांहूनही कमी. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला करात जी ४० टक्के सवलत देते, तीही भाड्याच्या घराला मिळत नाही. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी ६० लाखांचे कर्ज काढलेस, तर हप्ता सुमारे ५२,००० रुपये येईल; तेव्हा भाड्यातून हप्ता फिटेल ही आशा सोडूनच पुढचा विचार कर. भाव वाढेल हा अंदाज आहे, त्याला उत्पन्नाच्या रकान्यात जागा देऊ नये.

कागदपत्रांत बहुतेकांचे जिथे लक्ष जात नाही, ती गोष्ट अशी. पुण्यातील अनेक इमारती सोसायटी नसून १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालील कंडोमिनियम, म्हणजे फ्लॅटमालकांच्या असोसिएशनने चालवलेल्या इमारती, आहेत. तिथे डीड ऑफ डिक्लरेशन हा मूळ दस्त. तुझ्या फ्लॅटचा सामाईक मालकीतील अविभक्त हिस्सा किती टक्के हे त्यात लिहिलेले असते आणि सामाईक खर्चही त्याच प्रमाणात पडतो, म्हणजे मोठ्या फ्लॅटला मेंटेनन्स जास्त. आधीच्या मालकाने खर्च थकवला असेल तर खरेदीदारही त्याला जबाबदार ठरतो. म्हणून थकबाकी नसल्याचे पत्र असोसिएशनच्या लेटरहेडवर, तारखेसह आणि सहीशिक्क्यानिशी घ्यावे. सोसायटी असेल तर भाड्याच्या घरावर बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क, लागते, पण २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाचा मोह मी तुझ्या जागी धरणार नाही, कारण ताबा मिळेपर्यंत भाडे शून्य, हप्ता मात्र चालू, आणि किमतीवर सामान्यतः पाच टक्के जीएसटी. भोगवटा पत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला, मिळालेल्या घराला तो लागत नाही. तरीही घ्यायचाच असेल, तर महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर ताब्याची मुदत किती वेळा वाढवून घेतली आहे ते आधी पाहा.

पसंत पडलेल्या घराचे डीड ऑफ डिक्लरेशन, मागील दोन-तीन वर्षांचे मेंटेनन्सचे हिशेब आणि त्या इमारतीतील अलीकडचे इंडेक्स टू माझ्याकडे पाठव. ते वाचून माझे उत्तर येईपर्यंत कोणालाही टोकन देऊ नकोस, मग ते अकरा हजारांचे का असेना.

तुझी,
मावशी