ऑटोमॅटिक पिकअप ताशी ६०-७० किमीला सारखी गिअर बदलत राहते, काय करावं?

सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटर स्थिर असताना आरपीएमचा काटा दोन-तीनशेने वरखाली होत असेल, तर बहुधा गिअर बदलतच नाहीये. टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकअप क्लच, म्हणजे दोघांना थेट जोडणारा क्लच, लागतोय-सुटतोय. मोकळा रस्ता बघून ॲक्सिलरेटर तसाच धरा आणि डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, मागचा दिवा लागेल इतकाच. त्याने लॉकअप सुटतो. काटा थोडा चढून तिथेच स्थिरावला, तर संशय बळावतो. मग आधी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल (एटीएफ) बघा: काळपट, जळका वास? बदला. ते ठीक असेल तर थ्रॉटल पोझिशन सेन्सर (थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा) तपासा. गिअरबॉक्स उघडायची घाई नको, मेकॅनिक कितीही मागे लागला तरी. फक्त माल भरल्यावर किंवा चढावरच होत असेल, तर बहुतेक वेळा बिघाड नसतोच. ओव्हरड्राइव्ह (सर्वात वरचा गिअर) बंद करून चालवा.