वाचकांचे प्रश्न: जहाज गाठण्याआधी एकटीने युनिव्हर्सल

प्रश्न: मी ५६ वर्षांची शिक्षिका आहे. बहीण आणि मेहुणे यांच्याबरोबर सिंगापूरहून निघणाऱ्या तीन रात्रींच्या क्रूझचे आरक्षण आम्ही केले आहे. जहाज गुरुवारी सायंकाळी पाच वाजता सुटते. माझे विमान मंगळवारी सकाळी पोहोचते, तर ते दोघे गुरुवारी सकाळी सात वाजता उतरणार आहेत. मधल्या वेळात मला सेंटोसा बेटावरील युनिव्हर्सल स्टुडिओज पाहायचे आहे. रोलर कोस्टरमध्ये बसण्याची इच्छा मी वर्गातल्या मुलांच्या सहली नेता नेता वीस वर्षे बाजूला ठेवली. घरचे म्हणतात, ‘ते मुलाबाळांना घेऊन जाण्याचे ठिकाण, एकट्या बाईने तिथे काय करायचे?’ मी जावे का, आणि गेले तर कोणत्या दिवशी? — एक वाचक, पुणे

उत्तर: अवश्य जावे, आणि बुधवारी जावे.

घरच्यांच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण तुमच्या पत्रात तारखेच्या प्रश्नापेक्षा तीच अधिक जाणवते. थीम पार्कमध्ये एकट्या माणसाचे काही अडत नाही; उलट काही बाबतींत त्याची सोयच होते. कोस्टरच्या किंवा राइडच्या गाडीतील जागा ठरावीक असतात आणि रांगेत येणारी कुटुंबे मात्र तिघांची, पाचांची, सातांची असतात. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक फेरीत एखादी जागा मोकळी राहते. ती भरण्यासाठी काही राइड्सना ‘सिंगल रायडर’ म्हणजे एकट्यांची वेगळी रांग ठेवलेली असते. युनिव्हर्सलमध्ये ट्रान्सफॉर्मर्स आणि रिव्हेंज ऑफ द ममी या दोन मोठ्या राइड्सना अशी रांग असते, मात्र त्या दिवसाच्या गर्दीनुसार ती कधी उघडी तर कधी बंद ठेवतात, म्हणून प्रवेशद्वाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला विचारून घ्यावे. चौघांचे कुटुंब तासभर उभे राहते तेव्हा एकट्यांची रांग पुष्कळदा त्याच्या निम्म्याहून कमी वेळात आत जाते. शेजारी कोण बसेल ते ठरवता येत नाही, एवढाच काय तो फरक. आणि अनोळखी माणसांबरोबर एकाच वेळी किंचाळण्यात जी मौज आहे ती मी स्वतः अनुभवली आहे, ती कमी प्रतीची मुळीच नाही.

सुरक्षिततेविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण घरी तो प्रश्न निघेलच. सिंगापूरमध्ये स्त्रिया रात्री उशिरा मेट्रोने एकट्या फिरतात. पार्क दिवसभर माणसांनी आणि कर्मचाऱ्यांनी भरलेले असते. पोलिसांसाठी ९९९ आणि रुग्णवाहिकेसाठी ९९५ हे क्रमांक फोनमध्ये असू द्यावेत. बहिणीला सकाळी आत शिरताना आणि सायंकाळी खोलीवर परतल्यावर असे दोन संदेश पाठवावेत; तिकडची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते, हे तिला आधीच सांगून ठेवावे.

आता दिवसाचा विचार. मुंबईहून सिंगापूरचा प्रवास साधारण साडेपाच तासांचा असतो. रात्री निघालेल्या विमानात जेवण, दिवे आणि घोषणा यांत जेमतेम तीन-चार तास झोप मिळते, शिवाय घड्याळ अडीच तास पुढे सरकते. अशा अवस्थेत मंगळवारी दुपारच्या उन्हात पार्कमध्ये हिंडलात, तर ज्या कोस्टरची वाट पाहिली तोच डोकेदुखीसह आठवणीत राहील. हॉटेलची खोली पुष्कळदा दुपारनंतरच मिळते, म्हणून मंगळवारी बॅग तिथे ठेवून सावलीत हळूहळू फिरावे आणि रात्री लवकर झोपावे. गुरुवार जहाजाचा आहे. त्या दिवशी पार्कचे तिकीट काढूच नये. राहिला बुधवार. तो आठवड्याच्या मधला असल्याने शनिवार-रविवारच्या मानाने गर्दीही कमी मिळते, फक्त तिथल्या शाळांच्या सुट्ट्यांचे वेळापत्रक पाहून घ्यावे. आपल्याकडे एप्रिल-मे सुट्टीचे महिने असतात, तेव्हा सिंगापूरच्या शाळा बहुतेक काळ चालू असतात. त्यांची मोठी सुट्टी मेअखेरीपासून जूनभर आणि पुन्हा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असते. त्या दिवसांत बुधवारही रविवारसारखाच असतो.

तिकीट तारखेचे असते, म्हणून ते आधीच ऑनलाइन काढावे. बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास मेट्रोने हार्बरफ्रंट स्थानकावर उतरावे. त्यालाच लागून असलेल्या व्हिवोसिटी या मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्स्प्रेस ही मोनोरेल सुटते. जाताना ४ सिंगापूर डॉलर द्यावे लागतात, परतताना काही द्यावे लागत नाही. उतरायचे ते रिसॉर्ट्स वर्ल्ड या स्थानकावर. चालायची आवड असेल, तर मॉलच्या मागून समुद्रावरचा बोर्डवॉक थेट बेटावर जातो, आणि सकाळच्या वेळी तो रस्ता फार सुंदर वाटतो. मेट्रोसाठी वेगळे कार्ड घ्यावेच लागते असे नाही, तुमचे टॅप करण्याचे बँक कार्डही चालते. मात्र आपल्या बँकेच्या ॲपमध्ये परदेशातील वापर सुरू केलेला आहे ना, हे पुण्यातून निघण्यापूर्वी तपासावे आणि स्थानकात शिरताना व बाहेर पडताना एकच कार्ड वापरावे.

पार्क सहसा दहा वाजता उघडते आणि पहिला दीड तास सोन्याच्या मोलाचा असतो. बहुतेक लोक दारातच फिरत्या पृथ्वीगोलासमोर आणि नंतर हॉलिवूडच्या रस्त्यावर छायाचित्रे काढत थांबतात. तुम्ही त्याच वेळी सरळ साय-फाय सिटी विभागात जावे. तिथे बॅटलस्टार गॅलॅक्टिका नावाचे दोन कोस्टर एकमेकांना छेदत धावतात: लाल रुळांवरचा ‘ह्यूमन’, ज्यात आपण नेहमीसारखे बसतो, आणि निळा ‘सायलॉन’, ज्यात रूळ डोक्यावर असतात आणि पाय मोकळे लोंबकळतात. उंची साडेबेचाळीस मीटर, म्हणजे जवळजवळ चौदा मजली इमारतीइतकी. पहिल्यांदा बसणाऱ्याने लाल कोस्टरपासून सुरुवात करावी. सायलॉन उलटापालटा होतो आणि तिथे घाबरून गेलात, तर उरलेली सकाळ वाया जाईल. त्यानंतर शेजारच्या ट्रान्सफॉर्मर्सकडे वळावे आणि मग प्राचीन इजिप्तच्या विभागात ममीच्या अंधाऱ्या कोस्टरला जावे. चष्मा, फोन आणि सुटी नाणी यांच्यासाठी अशा राइड्सजवळ लॉकर असतात. तुमचे सामान धरायला बरोबर कोणी नसणार, म्हणून एकच लहान, चेन असलेली पाठपिशवी घ्यावी आणि पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून त्याचे छायाचित्र फोनमध्ये बाळगावे.

दुपारी एक ते चार या वेळेत घाई सोडावी. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे, तिथे बाराही महिने उकाडा असतो आणि दुपारी विजांसह पाऊस कोसळणे ही नित्याची गोष्ट आहे. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. त्या वेळेसाठी बंदिस्त सभागृहातले खेळ राखून ठेवावेत, निवांत जेवावे, नळाचे पाणी निर्धास्तपणे प्यावे. वॉटरवर्ल्ड हा पाण्यावरच्या कसरतींचा जिवंत प्रयोग चुकवू नये. एकट्या प्रेक्षकाला मधल्या रांगांत चांगली जागा सहज मिळते. पुढच्या रांगांत मात्र पाणी अंगावर येते.

ज्युरासिक पार्कचा गोल तराफा शेवटी ठेवावा, कारण त्यातून बाहेर पडताना माणूस नखशिखान्त भिजलेला असतो. ही सूचना अनुभवाची आहे: मी तो सकाळीच केला, दिवसभर ओल्या बुटांत चाललो आणि दुसऱ्या दिवशी टाचांना आलेले फोड घेऊन जहाजावर चढलो. पातळ रेनकोट आणि लवकर वाळणाऱ्या सॅंडल एवढे जवळ असले तरी पुरे.

तुमच्या बेतात मला खरी काळजी वाटते ती तुमच्या एकटेपणाची नसून बहिणीच्या विमानाची. गुरुवारी सकाळी सातला उतरून सायंकाळचे जहाज गाठणे कागदावर सोपे दिसते, पण चेक-इन जहाज सुटण्याच्या बरेच आधी बंद होते आणि जहाज उशिरा आलेल्या प्रवाशासाठी थांबत नाही. विमान रद्द झाले तर नऊ-दहा तासांची ती फट पुरणार नाही. शक्य असेल तर त्या दोघांनी बुधवारी सायंकाळपर्यंत यावे. तुम्हीही सहाला पार्कमधून बाहेर पडून त्यांच्याबरोबर जेवू शकाल.

आणखी दोन गोष्टी आजच तपासाव्यात. पहिली, तुमचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे का. जहाज परदेशी बंदराला लागून परत आले की सिंगापूरमध्ये तो दुसरा प्रवेश धरला जातो. त्यासाठी ‘एसजी अरायव्हल कार्ड’ हा आगमनाची माहिती देणारा ऑनलाइन अर्जसुद्धा दोनदा भरावा लागतो, विमानाने पोहोचताना आणि जहाजातून परतताना. तो पोहोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य भरता येतो. जिथे पैसे मागतात ते संकेतस्थळ सरकारी नव्हे. दुसरी, जहाजाचे तिकीट कोणत्या टर्मिनलचे आहे. सेंटोसासमोर हार्बरफ्रंटला सिंगापूर क्रूझ सेंटर आहे आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, २०१२ साली सुरू झालेले मरिना बे क्रूझ सेंटर आहे. नावे सारखी असल्यामुळे टॅक्सीवाल्याला नुसते ‘क्रूझ सेंटर’ सांगून चुकीच्या ठिकाणी उतरलेले प्रवासी मी पाहिले आहेत. मोठी जहाजे सहसा मरिना बेहून निघतात, त्याचे मेट्रो स्थानक मरिना साउथ पिअर. तरीही तिकिटावरचे नाव हेच प्रमाण मानावे.

प्रश्न: मी ६९ वर्षांचा असून रक्तदाबाची गोळी घेतो, एका गुडघ्याचे प्रत्यारोपण झाले आहे. क्रूझच्या आदल्या दिवशी मुलगा आणि सून खरेदीला जाणार आहेत. तेवढ्या वेळात मी एकट्याने युनिव्हर्सल पाहावे का, की ते माझ्यासाठी नाही? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: पार्क तुमच्यासाठीही आहे, पण सगळे पार्क नाही. प्रत्येक राइडच्या दाराशी हृदयविकार, रक्तदाब, पाठ आणि मान यांविषयीच्या सूचनांचा फलक असतो. तो शेवटचा शब्द समजावा आणि बॅटलस्टार, ममी व ट्रान्सफॉर्मर्स या तिन्ही राइड्स सोडून द्याव्यात. ट्रान्सफॉर्मर्समध्ये उंचावरून पडणे नसले, तरी हलणारी गाडी आणि समोरचा त्रिमितीय पडदा यांनी अनेकांना मळमळते, आणि ज्याला दुसऱ्या दिवशी समुद्रावर जायचे आहे त्याने तो त्रास आज ओढवून घेऊ नये. जहाज लागू नये म्हणून काही जण गोळी घेतात. तिने झोप येते आणि रक्तदाबाच्या औषधाबरोबर ती चालेल की नाही, हे तुमच्या डॉक्टरांनीच सांगितले पाहिजे. ती पहिल्यांदा जहाजावर घेण्याऐवजी घरी असताना एकदा घेऊन पाहावी.

प्रयोग, चित्रपटांचे देखावे, रस्त्यावरचे नर्तक आणि सावलीतले बाक यांत तुमचे तीन-चार तास आनंदात जातील. मात्र पूर्ण तिकिटाचे पैसे एवढ्यासाठी द्यावेत का, हा प्रश्न मी तुमच्यापुढे मोकळेपणाने ठेवतो. त्याच रिसॉर्ट्स वर्ल्डमध्ये पूर्वीच्या सी अक्वेरियमच्या जागी २०२५ साली सिंगापूर ओशनेरियम सुरू झाले आहे. ते वातानुकूलित आहे, चालणे सपाट जमिनीवरचे आहे आणि मोठ्या काचेसमोर तासभर बसून मासे पाहिले तरी कोणी उठवत नाही. तुमच्या जागी मी तेच निवडले असते. औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी आणि मुलाचा फोन क्रमांक खिशात ठेवावा. आणि बरोबर लाडू किंवा अनारसे नेणार असाल, तर त्यांत खसखस नसावी. तिथल्या अमली पदार्थविरोधी नियमांत खसखस येते. तंबाखू आणि गुटखाही घरीच ठेवावा.

प्रश्न: एकट्या प्रवाशाने एक्स्प्रेस पास, म्हणजे राइड्सच्या रांगेत कमी थांबावे लागावे म्हणून जादा पैसे देऊन मिळणारा पास, घ्यावा का? आणि आमचे जहाज सायंकाळी सुटते, मग त्याच दिवशी सकाळी दहा ते एक पार्क पाहून घेतले तर काय बिघडेल? — एक वाचक, बेंगळुरू

उत्तर: आठवड्याच्या मधल्या, सुट्टी नसलेल्या दिवशी पासाची गरज नाही, एकट्यांची रांग तेच काम करते. तिथल्या शाळांची सुट्टी असेल आणि तुमच्याकडे एकच दिवस असेल, तर पास घ्यावा.

दुसऱ्या बेताला माझा विरोध आहे. दहा ते एक या तीन तासांत एक वादळी सर आली, तर अर्धे पार्क बंद दिसेल आणि तिकीट मात्र पूर्ण दिवसाचे भरलेले असेल. त्यानंतर हॉटेलवर जाऊन बॅग घेणे, टॅक्सी, सामान तपासणी, इमिग्रेशनची रांग. यांतल्या एकाही टप्प्याला किती वेळ लागेल हे तुमच्या हातात नसते. त्या सकाळी व्हिवोसिटीच्या गच्चीवर जावे. प्रवेश विनामूल्य आहे, समोर सेंटोसा दिसते, आणि साडेअकरा वाजता उठून बॅग आणायला निघालात तरी काहीही अर्धवट राहत नाही.