विमानाच्या तिकिटावरचे कर वाढवावेत की काढून टाकावेत? आणि तिकीट रद्द केलं तर ते परत मिळतात का?

तुम्ही लिहिलंय की विमानाने जाणारे सगळे पैसेवालेच, त्यांच्यावर कर वाढवला तर बिघडलं कुठं? आणि तुमचे मित्र म्हणतात की हे कर म्हणजे लूट आहे, सगळे रद्द करा. माझा कोल्हापुरात तिकीट बुकिंगचा व्यवसाय आहे, त्यामुळे हा वाद माझ्या टेबलासमोर नेहमी रंगतो. मला तुम्हा दोघांचंही म्हणणं अर्धंच पटतं. ज्या रकमेवर भांडण चाललंय ती एका खिशात जात नाही. तिचे वाटेकरी वेगळे आहेत आणि प्रत्येकाचा हक्क सारखा नाही.

मुंबईहून कोल्हापूरला यायचं साधं तिकीट घ्या. मूळ भाडं 2000 रुपये धरू. त्यावर इकॉनॉमी वर्गाचा जीएसटी 5 टक्के, म्हणजे 100 रुपये. हा खरा कर, केंद्र आणि राज्याच्या तिजोरीत जाणारा. मग विमानतळ सुरक्षा शुल्क 200 रुपये, 2021 च्या एप्रिलपासून देशांतर्गत प्रवाशाला हाच आकडा आहे; त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 236. मग यूडीएफ, म्हणजे विमानतळ चालवणाऱ्याला मिळणारं विकास शुल्क. मुंबईहून निघणाऱ्या देशांतर्गत प्रवाशासाठी 2025 च्या मे महिन्यात 175 रुपयांचा दर मंजूर झाला. जीएसटी धरून दोनशेच्या वर. मोठ्या विमानतळांचे हे दर ऐरा नावाचं नियामक प्राधिकरण ठरवतं. बेरीज साडेपाचशेच्या आसपास जाते. बुकिंग साइट लावते ती कन्व्हिनियन्स फी या हिशेबात नाही. तो कर नव्हेच, ती त्या कंपनीची कमाई, पण लोक तीही सरकारच्या नावावर टाकतात.

आता हाच हिशेब 7000 रुपये मूळ भाड्याच्या लांबच्या तिकिटावर मांडा. जीएसटी 350 होतो, कारण तो टक्क्यांत आहे. सुरक्षा शुल्क आणि यूडीएफ तेवढेच राहतात. म्हणजे स्वस्त तिकीट काढणाऱ्याच्या मूळ भाड्यावर या दोन ठोक शुल्कांचा बोजा 22 टक्के आणि महाग तिकीट काढणाऱ्यावर 6 टक्के. माझा पहिला आणि सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे. इचलकरंजीचा यंत्रमागवाला सकाळी मुंबईला जाऊन पार्टीला भेटून परत येतो, हैदराबादला नोकरी करणाऱ्या मुलीकडे आई वर्षातून एकदा जाते, कागल एमआयडीसीतला इंजिनियर बेंगळुरूला मशीन बघायला जातो. यांना श्रीमंत म्हणून एका रांगेत उभं करणं मला मान्य नाही. कर वाढवा म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं की कुणावर वाढवायचा.

बरं, श्रीमंतांकडून जास्त घ्यायची सोय आपल्याकडे आहे, नाही असं नाही. बिझनेस आणि प्रीमियम वर्गावर पूर्वी 12 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 झाला. इकॉनॉमीचा 5 वरच ठेवला. मला हा निर्णय योग्य वाटतो. जुन्या लोकांना आठवत असेल, एके काळी देशांतर्गत विमान प्रवासावर मूळ भाड्याच्या 15 टक्के प्रवास कर होता आणि परदेशी जाणाऱ्याला वेगळे 500 रुपये. ते दोन्ही 2004 च्या जानेवारीत रद्द झाले. त्या मानाने आजचा सरळ कर हलका आहे.

जड कर तिकिटावर दिसतच नाही. तो इंधनात असतो. विमानाचं इंधन, एटीएफ, अजून जीएसटीच्या बाहेर आहे. पेट्रोल, डिझेल, कच्चं तेल आणि नैसर्गिक वायूसारखंच. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क 11 टक्के आणि वर राज्याचा व्हॅट. महाराष्ट्राने मुंबई, पुणे आणि रायगड या पट्ट्यात तो 25 वरून 18 टक्क्यांवर आणला, 2023 च्या अर्थसंकल्पात. काही राज्यांत तो 1 टक्का आहे, काही ठिकाणी तिशीच्या जवळ. इंधनावर भरलेल्या या कराची वजावट कंपनीला मिळत नाही, म्हणून तो सगळा भाड्यात मिसळतो आणि त्या भाड्यावर आपण पुन्हा जीएसटी भरतो. कराचा आणि तिकीट दराचा सगळ्यात जवळचा संबंध इथे आहे आणि चर्चा मात्र दोनशे रुपयांच्या शुल्कावर होते. एटीएफ जीएसटीत घ्यायचा विषय 2024 च्या डिसेंबरात जीएसटी परिषदेच्या जैसलमेरच्या बैठकीत आला होता. राज्यं तयार झाली नाहीत. त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी: जीएसटीनंतर राज्यांच्या स्वतःच्या हातात राहिलेल्या कमाईच्या मोजक्या वाटांपैकी ही एक आहे.

आता कोल्हापूरकर म्हणून जे बोलायला हवं ते बोलतो. आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळाला 1939 पासूनचा इतिहास आहे, राजाराम महाराजांच्या काळातला. पण मध्ये कित्येक वर्षं तिथे विमान म्हणजे नवल होतं. नियमित सेवा परत आली ती 2018 मध्ये, उडान योजनेमुळे. या योजनेत लहान शहरांच्या मार्गांवर निम्म्या जागांना भाड्याची मर्यादा असते, सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला 2500 रुपये होती, आणि कंपनीचा तोटा सरकार भरून देतं. तो पैसा येतो कुठून? राज्य सरकार 20 टक्के देतं आणि उरलेला बराचसा भाग मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर लावलेल्या आकारातून येतो. 2016 च्या डिसेंबरात तो सुरू झाला तेव्हा हजार किलोमीटरपर्यंतच्या फेरीला 7500 रुपये होता, दीड हजारपर्यंत 8000, त्यापुढे 8500. आकडे नंतर बदलत गेले. 180 आसनांचं विमान भरून गेलं तर माणशी चाळीसेक रुपये पडायचे. विमान कंपन्यांची संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती.

म्हणजे मुंबई-दिल्ली जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या चाळीस रुपयांनी कोल्हापूरचं विमान उडवलं. हे माहीत असताना प्रवाशावरचा प्रत्येक आकार ही लूट आहे असं मी तरी म्हणू शकत नाही. आपल्या गावाला त्याचा फायदा झालाय.

पण त्या अनोळखी माणसाला हिशेब मागायचा पूर्ण अधिकार आहे, आणि हिशेब चांगला नाही. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगच्या 2023 च्या अहवालात आहे की योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या 774 मार्गांपैकी 371 च सुरू झाले. तीन वर्षांची सवलतीची मुदत पुरी केली 112 मार्गांनी, आणि त्यानंतर टिकले फक्त 54. अनुदान संपलं की विमान बंद, हे आपण कोल्हापुरातही बघितलंय. एखादा मार्ग सुरू होतो, गिऱ्हाइकांना सवय लागते, मग वेळापत्रकातून तो गायब होतो आणि लोक परत बेळगावची नाहीतर पुण्याची वाट धरतात.

याच गावाने रस्त्यांच्या टोलविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला. एन. डी. पाटील सरांसारखी वयोवृद्ध माणसं रस्त्यावर उतरली, गोविंद पानसरे त्या लढ्यात होते, आणि 2015 अखेर टोल रद्द करायची घोषणा झाली. त्या वेळीही प्रश्न हेच होते: काम किती झालं, खर्च किती आला, आमच्याकडून किती घेणार? विमानाच्या बाबतीत हेच विचारायला हवं. सुरक्षा शुल्कातून जमलेल्या पैशात सुरक्षा किती, उडानच्या पैशात कुठला मार्ग किती दिवस चालला, हे प्रत्येक विमानतळाच्या नावानिशी लोकांसमोर यावं.

बाहेरच्या देशांकडे बघितलं तर सरळ उत्तर तिथेही सापडलेलं नाही. ब्रिटनने 1994 पासून प्रवाशावर कर ठेवलाय आणि तो अंतर आणि वर्ग बघून लावतात, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट. नेदरलँड्सने 2008 मध्ये कर लावला तर लोक सीमेपलीकडच्या जर्मन विमानतळांवरून जाऊ लागले. वर्षभरात तो मागे घ्यावा लागला आणि 2021 मध्ये परत आणला. स्वीडनने 2018 ला लावलेला कर 2025 च्या जुलैत काढून टाकला. शेजारच्या विमानतळाकडे प्रवासी वळणं ही गोष्ट बेळगाव आणि गोवा हाकेच्या अंतरावर असलेल्या कोल्हापूरला कुणी वेगळी समजावून सांगायला नको.

मला विचाराल तर ठोक शुल्क अंतराप्रमाणे लावावं, म्हणजे तीनशे किलोमीटर जाणाऱ्याला दोन हजार किलोमीटर जाणाऱ्याइतकं भरावं लागणार नाही. वर्षातून वीस-पंचवीस वेळा उडणाऱ्याकडून चढत्या दराने घ्यायला माझी हरकत नाही. त्यातले पुष्कळ माझेच गिऱ्हाईक आहेत, तरीही. आणि एटीएफ जीएसटीत आणावं, राज्यांना काही वर्षं भरपाई देऊन.

तुमचा शेवटचा प्रश्न कमी महत्त्वाचा वाटतो, पण लोकांचे सगळ्यात जास्त पैसे तिथे बुडतात. होय, परत मिळतात. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेचा नियम आहे की तिकीट रद्द केलं, वापरलं नाही किंवा विमान चुकलं, तरी सगळे सरकारी कर आणि यूडीएफसारखी शुल्कं प्रवाशाला परत द्यायची, तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरीसुद्धा. रद्द करण्याचा दंड मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. विमान चुकलं म्हणजे सगळंच गेलं असं धरून ते पीएनआर, म्हणजे बुकिंगचा क्रमांक, फेकून देतात. तसं करू नका. ज्याच्याकडून तिकीट घेतलं त्याच्याकडे पीएनआर देऊन करांचा परतावा लेखी मागा, भाड्याची फोड दाखवणारी पावती जोडा. क्रेडिट कार्डाने थेट कंपनीकडून घेतलं असेल तर सात दिवसांत पैसे खात्यावर यायला हवेत, एजंटामार्फत घेतलं असेल तर त्याहून जास्त दिवस लागू शकतात. टाळाटाळ झाली तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवा.