भाईलँग शिकू द्या, पण मुक्काम पायथॉनला

प्रश्न : मुलगा नववीत आहे. मोबाइलवर ‘भाईलँग’ शिकतो. त्याचा पुढे उपयोग होईल का? त्याचा प्रोग्राम सारखा अडकतो. – एक पालक, सातपूर, नाशिक

उत्तर : भाईलँगवर नोकरी मिळत नाही, ती हौसेने बनवलेली, हिंदी बोलीतले शब्द वापरणारी छोटी प्रोग्रामिंग भाषा आहे. तरीही त्याला थांबवू नका. अट आणि लूप (अट खरी असेपर्यंत तेच काम पुन्हा पुन्हा करणं) या दोन गोष्टी एकदा डोक्यात बसल्या की पुढची कुठलीही भाषा सोपी जाते, आणि त्या इथे ओळखीच्या शब्दांत शिकता येतात.

अडकण्याचं कारण बहुधा लूपमध्ये असेल. चार किलोच्या द्राक्षपेट्यांचं वजन वीस किलोपर्यंत मोजायचं आहे असं धरा. शब्द रोमन लिपीत टाइप करायचे :

हाय भाई
भाई ये है वजन = 0;
जब तक भाई (वजन < 20) {
वजन += 4;
बोल भाई वजन;
}
बाय भाई

उत्तर येतं 4, 8, 12, 16, 20. ‘वजन += 4’ ही ओळ राहिली तर वजन शून्यावरच राहतं, अट कधीच खोटी ठरत नाही आणि ब्राउझर गोठतो. ‘<’ ऐवजी ‘<=’ लिहिलं तर 24 ही छापून येतं, म्हणजे एक पेटी जास्त. मुलाला हे कागदावर फेरीगणिक वजन लिहून तपासायला लावा. हीच सवय पुढे कामाला येते.

अर्धविराम सुटला की बऱ्याचदा चूक पुढच्या शब्दावर दाखवली जाते, म्हणून आधीची ओळही बघावी. ‘हाय भाई’ आणि ‘बाय भाई’च्या बाहेर लिहिलेलं तर धरलंच जात नाही. तिथे चूकही दाखवत नाही, त्यामुळे मुलं गोंधळतात.

‘अगर भाई’ (जर), ‘वरना भाई’ (नाहीतर) आणि ‘बस कर भाई’ (लूप मध्येच थांबवणं) जमले की लगेच पायथॉन या नेहमीच्या वापरातल्या प्रोग्रामिंग भाषेकडे वळवा. हाच प्रोग्राम तिथे लिहायला सांगा. महिरपी कंस जातात, त्यांच्या जागी ओळ आत सरकवावी लागते. ‘बस कर भाई’चं ‘ब्रेक’ होतं. हे पायथॉन मात्र शक्यतो कॉम्प्युटरवर करू द्या, मोबाइलवर ओळींची जागा सांभाळणं जिकिरीचं होतं.

अभ्यासात गणित सुटू देऊ नका. दहावीनंतर डिप्लोमा करायचा तर प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. बारावीनंतर इंजिनिअरिंग करायचं तर एमएचटी-सीईटीत गणिताचे गुण सर्वाधिक असतात.