स्वतःची फाइल सिस्टिम : सुरुवात कुठून?

प्रश्न : संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्वतःची फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था) लिहायची आहे, पण कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, हात घालायची भीती वाटते. काय करू?

उत्तर : कर्नलला इतक्यात हातच लावू नका. १ एमबीची रिकामी फाइल बनवा आणि तिलाच डिस्क माना. ४०९६ बाइटचे २५६ ब्लॉक होतील. पहिला सुपरब्लॉक (सगळ्या मांडणीची माहिती), दुसऱ्यात कोणते ब्लॉक भरलेत त्याचा नकाशा (ब्लॉकला एक बिट, २५६ बिट म्हणजे अवघे ३२ बाइट), मग आयनोड (दर फाइलमागे एक माहितीची नोंद), उरलेली जागा मजकुराला.

आयनोडमध्ये फाइलचा आकार आणि ब्लॉकचे क्रमांक असतात, नाव नसतं. हे माझ्या डोक्यात शिरायला फार दिवस लागले. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समधली डिरेक्टरी (फोल्डर) पाहिली तेव्हा लख्ख उजेड पडला : एका नोंदीला १६ बाइट, त्यातले २ आयनोडच्या क्रमांकाला, १४ नावाला. बस, एवढंच! एकाच फाइलला दोन नावं कशी देता येतात, तेही तिथेच उमगतं.

मग फ्यूज (FUSE) घ्या, म्हणजे फाइल सिस्टिम कर्नलच्या बाहेर चालवू देणारी सोय. लिनक्स कर्नलमध्ये ते २००५ पासून आहे. तुमची फाइल सिस्टिम साध्या प्रोग्रामसारखी चालते. ती कोसळली तरी मशीन सहसा शाबूत राहतं. आधी फक्त वाचन लिहा. फाइलींची यादी दिसली की मगच लेखन.

लिहिताना क्रम सांभाळा : आधी आयनोड, नंतर डिरेक्टरीतली नोंद. मी उलट केलं होतं, आणि नाव दिसायचं पण आत कचरा. प्रोग्राम मुद्दाम अर्ध्यात बंद पाडून हे तपासा.